लग्नाआधी पैशाचं बोलणं: कधी, कसं, किती खोलात? (सोलापूरच्या हिशोबाने)

हिशोबवही (धागाकर्ता)

पाहण्याच्या कार्यक्रमात पगार विचारतो मामा आणि सांगतो काका. ज्या दोघांना त्या पगारात संसार करायचा आहे, ती दोघं पोह्यांच्या प्लेटीकडे बघत बसलेली असतात. स्वतः जमवलेल्या लग्नात अडचण वेगळी. पैशाचं विचारलं तर आपण हिशोबी वाटू, या धाकाने विषयच निघत नाही. दोन्हीकडे शेवट सारखाच: कर्ज कळतं ते लग्नानंतर, पहिल्या हप्त्याच्या तारखेला.

पगार कमी म्हणून संसार मोडतो, हे मला पूर्ण पटत नाही. कमी पगाराशी माणूस जुळवून घेतो, कारण तो पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर असतो. लपवलेल्या आकड्याशी जुळवता येत नाही. तो बाहेर आला की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, "अजून काय सांगायचं राहिलंय?" आणि त्या प्रश्नाला कितीही खरं उत्तर दिलं तरी पुरत नाही.

मी सुचवतो ती रीत अशी. पहिल्या भेटीत हा विषय नको. दोघांनाही पुढे जावंसं वाटतंय हे कळल्यावर, साधारण तिसऱ्या-चौथ्या भेटीत, एक कोरा कागद घ्यावा. कंबर तलावाच्या काठी बसा नाहीतर हुतात्मा बागेत, पण घरच्यांच्या कानाआड. प्रत्येकाने पाच आकडे लिहायचे: हातात येणारा पगार, घरी द्यावे लागणारे पैसे, चालू हप्ते, शिल्लक आणि हातउसनं. आधी आपलं सांगायचं, मग विचारायचं. हा क्रम उलटला की बोलण्याची चौकशी होते.

मग दोघांचा मिळून एक महिना मांडा. समजा त्याच्या हातात २४,००० येतात, तिच्या १६,०००. एकूण ४०,०००. जुळे सोलापुरात भाड्याने राहायचं तर भाडं ७,००० धरू. दोन्ही घरी मिळून ५,०००, किराणा-भाजी-दूध-गॅस ७,५००, वीज-मोबाईल-नेट २,०००, पेट्रोल ३,०००, गाडीचा हप्ता ३,२००, औषधपाणी १,५००, विमा १,८००, आवर्ती ठेव ४,०००. आणि दोघांना प्रत्येकी २,००० असे, ज्यांचा हिशोब कोणी कोणाला विचारायचा नाही. बेरीज ३९,०००, उरले १,०००. आकडे तुमचे तुम्ही बदला, ओळी मात्र गाळू नका. शेवटची ओळ तर अजिबात नको. बहिणीला साडी घेतली म्हणून नवऱ्यापुढे खुलासा द्यावा लागणं, मित्राला चहा पाजला म्हणून बायकोपुढे मान खाली घालणं, असल्या बारीक गोष्टींनी प्रेम विटतं.

पूर्वभागकर

कागद छान आहे, पण तो महिन्याच्या पगाराचा आहे ओ. आमच्या पूर्व भागात निम्म्या घरांत ठरलेला पगारच नसतो. यंत्रमागावर जेवढं कापड निघेल तेवढी मजुरी. विड्यांची मजुरी हजारी. हजार विड्यांचा दर ठरलेला असला तरी पानं खराब आली की वळून कमी होतात आणि कारखान्यात छाट (नापास करून बाजूला काढलेल्या विड्या) निघते ती वेगळीच. अशा घरात "महिन्याला किती?" असं विचारलं की माणूस चांगल्या महिन्याचा आकडा सांगतो. खोटं बोलत नाही तो, त्याला तोच आठवतो.

म्हणून वर्षातले सगळ्यात वाईट तीन महिने काढा, त्यांची सरासरी धरा आणि भाडं, किराणा, हप्ते त्या सरासरीत बसवा. चांगल्या महिन्यात वर आलेलं सगळं ठेवीत. हे केलं नाही तर मंदीच्या महिन्यात दुकानाची उधारी सुरू होते आणि ती पुढचे चार महिने फिटत नाही.

दुसरा प्रश्न जरूर विचारा: "मालकाकडून उचल किती आहे?" उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, मजुरीतून थोडीथोडी वळती होते. ती कुठल्या बँकेच्या कागदावर दिसत नाही. लग्नासाठीच उचल घेतली असेल तर नव्या संसाराचं पहिलं वर्ष तिच्या वळतीत जातं, शिवाय ती फिटेपर्यंत काम बदलता येत नाही.

तिसरा प्रश्न भिशीचा. "भिशी लावलीय" एवढ्याने काहीच कळत नाही. "उचलली का बाकी आहे?" असं विचारा. २० जणांची २,००० ची लिलाव भिशी घ्या, म्हणजे जो सगळ्यात कमी रकमेवर तयार होईल त्याला त्या महिन्याची भिशी. एकूण ४०,०००. दुसऱ्याच महिन्यात गरजेपोटी कोणी ३२,००० वर घेतली, तर सुटलेले ८,००० वीस जणांत वाटले जातात, प्रत्येकी ४००, म्हणून त्या महिन्याचा हप्ता १,६००. पण घेणाऱ्याला पुढचे १८ महिने भरायचेच आहेत. बाकी असलेली भिशी ही बचत, उचललेली भिशी हे कर्ज. बोलताना दोन्हीला शब्द एकच.

सातरस्ता_ताई

हिशोबवही दादा, तुमच्या कागदात वर्षातून एकदा येणारे खर्च नाहीत. दिवाळी, गाडीचा विमा, आहेर, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, भाडेकरार. हे सगळं मिळून वर्षाला २४,००० धरले तरी महिन्याला २,००० होतात, आणि तुमच्याकडे उरलेत १,०००. म्हणजे मे महिन्यात लग्नसराईचे आहेर सुरू झाले की आवर्ती ठेव मोडणार. बहुतेक घरांचा हिशोब इथेच फसतो आणि दोष "तिचा हात सैल" नाहीतर "तो चिकट" असा माणसावर जातो. चूक कागदात असते.

आहेराची वही वेगळी ठेवा. कोणाकडून काय आलं, कोणाला काय द्यायचं. दोघांच्या नातेवाइकांना एकाच मापाने. तिच्या माहेरी पैठणी आणि त्याच्या आत्याला टॉवेल-टोपी, असं झालं की पैशाचा वाद मायेचा होऊन बसतो.

हिशोबवही

ताई, बरोबर. २,००० ची ओळ वाढवतो आणि पेट्रोल ३,००० वरून २,००० करतो. एकाच गाडीवर दोघांना कामाला जाता येत असेल तरच हे जमेल. नसेल तर भाडं कमी असलेलं घर बघावं लागेल. ठेव कमी करू नये, असं माझं ठाम मत आहे.

जामीनकत्ता

कर्जाविषयी थोडं नेमकं लिहितो.

सिबिलचा गुण (कर्ज फेडण्याच्या सवयीचा आकडा) ३०० ते ९०० मध्ये असतो, पण नातं जोडताना गुणाला महत्त्व देऊ नका. त्याखालचा अहवाल वाचा. चालू कर्ज, उरलेली रक्कम, किती हप्ते चुकले, सगळं त्यात असतं. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दोघांनी आपापल्या मोबाईलवर काढायचा आणि शेजारी बसून वाचायचा.

तरी त्यात सगळं येत नाही. उचल, भिशी, हातउसनं, सोनाराकडचं गहाण, किराण्याची उधारी हे बाहेरच राहतं. आणि जामीनकी तर लोक कर्ज धरतच नाहीत. मित्राच्या पतसंस्थेच्या कर्जाला सही केली असेल तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मित्राने हप्ते थांबवले की वसुली जामीनदाराच्या पगारापर्यंत येऊ शकते. "तुमच्यावर कर्ज आहे का?" याला तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल. प्रश्न असा विचारा: "कोणाला जामीन राहिलात का?"

घरातल्या बायकांच्या नावावर मायक्रोफायनान्सचे गट-कर्ज असतं तेही विचारा. २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज मिळतं, आणि सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत हवेत. निम्मं म्हणजेही खूप झालं. गटातली एक बाई थकली की उरलेल्यांवर दडपण येतं, आणि सून घरात आली की सासूच्या गटाचा हप्ता बऱ्याचदा तिच्या पगारातून जायला लागतो. हे आधी बोललेलं असेल तर ती मदत होते. नसेल तर सुनेच्या मनात ती फसवणूक म्हणून राहते.

ठेवींचंही एक सांगतो. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, २०२० पासून. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. एक-दोन टक्के जास्त व्याज मिळतं म्हणून लग्नाचे सगळे पैसे एकाच पतसंस्थेत ठेवू नका.

शेंगाचटणी

मला हा सगळा धागा वाचून काळजी वाटतेय. चौथ्या भेटीत अहवाल काढून वाचायचा, तर प्रेम जुळायचं कधी? माणसाला भाकरीआधी भुकेची जाणीव होते तशी सोबतीचीही होते. पोटापाण्याची सोय लागेपर्यंत ती थांबत नाही. अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ साली गरजांची उतरंड मांडली, तिचा लोक असा अर्थ काढतात की आधी पैसा, घर, सुरक्षा, आणि मग वरच्या गाडग्यात प्रेम. पण त्यांनी त्याच लेखात लिहिलंय की हा क्रम पक्का नाही, काहींच्या बाबतीत उलटाही असतो, आणि एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी उगवते असंही नाही. "सेटल झाल्यावर बघू" म्हणत तिशी ओलांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

माझं म्हणणं, पैशाच्या कागदाला शेजारी गरजांचा कागद हवा. त्यात रुपये येत नाहीत पण संसार त्याच्यावरच चालतो. झोप लिहा. एकाची रात्रपाळी असेल आणि घर दोन खोल्यांचं असेल तर दिवसा तो झोपणार कुठे, मिक्सर केव्हा लावायचा, पाहुणे आले तर काय? एकांत लिहा. सासू-सासरे, दीर आणि नवं जोडपं मिळून दहा बाय दहाच्या दोन खोल्यांत राहणार असतील तर आठवड्यातून एक संध्याकाळ दोघांनी बाहेर काढायची, हे लग्नाआधी घरच्यांच्या कानावर घालून ठेवा. नंतर सांगितलं की "आल्याबरोबर पोराला वेगळं काढलं" होतं. आजारपण लिहा: दवाखान्यात कोण थांबणार, रजा कोणाची जाणार.

आणि सोलापुरात राहायचं असेल तर पाणी लिहा. नळ काही दिवसांआड येतो, वेळ कधी पहाटेची कधी रात्रीची. टाकी, पिंप, हंडे, कळशी, मोटर चालू-बंद, पिण्याचं गाळून वेगळं: दीड-दोन तासांचं काम आहे ते. पाण्याच्या दिवशी कोण उठणार, हा प्रश्न मला पगाराइतकाच मोठा वाटतो.

हिशोबवही

हे मूळ लेखात असायला हवं होतं. कागदाच्या मागच्या बाजूला लिहायचं म्हणतो. अहवाल चौथ्याच भेटीत नको, साखरपुड्याआधी केव्हातरी झाला तरी चालेल. पाच आकडे मात्र लवकर.

कोर्टआवार

कायद्याच्या बाजूने, ज्यात लोक नेमके अडकतात तेवढंच.

हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा किमान ५ वर्षं. "आम्ही मागितलं नाही, त्यांनी हौसेने दिलं" हे वाक्य सर्रास ऐकू येतं. हौसेच्या भेटींसाठी १९८५ चे नियम आहेत: वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराच्या भेटींची वराने. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि दोघांच्या सह्या. आपल्याकडे साखरपुड्याला यादी करण्याची रीत आहेच, मग लग्नानंतरच्या आठवड्यात ही दुसरी यादी करायला संकोच कसला? दागिन्यांचे फोटो आणि पावत्या तिला जोडा. स्त्रीधन बाईच्या एकटीच्या मालकीचं. सासूच्या कपाटात ठेवलं म्हणून मालकी बदलत नाही, पण कपाटात काय ठेवलं होतं हे दाखवायला यादी लागते.

नोंदणी लांबवू नका. धार्मिक पद्धतीने लग्न झालं असेल तर महाराष्ट्रातल्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत नोंद करायची, तीन साक्षीदार लागतात. पासपोर्ट, बँक, विमा सगळीकडे हाच दाखला मागतात. विशेष विवाह कायद्याने (१९५४) करायचं असेल तर दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात किमान ३० दिवस रहिवास हवा, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. इथेही तीन साक्षीदार. गडबड होते ती जन्मतारखेत: शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी. नोटीस भरण्याआधी ती दुरुस्त करून घ्या, नाहीतर हॉल ठरलेला आणि तारीख नाही.

टर्म विमा घेणार असाल तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या. पॉलिसी घेतानाच वेगळा अर्ज जोडावा लागतो, मागाहून जोडता येत नाही. मग ती रक्कम बायको-मुलांचीच राहते, नवऱ्याचे सावकार तिच्यावर हात टाकू शकत नाहीत. पीएफचं नामनिर्देशनही लग्नानंतर नव्याने भरा.

सातरस्ता_ताई

लग्नाच्या खर्चाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वैयक्तिक कर्ज ५ लाख, १४ टक्के, ५ वर्षं: हप्ता ११,६३४. एकूण परतफेड ६,९८,०००च्या पुढे. वरच्या ४०,००० च्या कागदात ही ओळ घालून बघा. ठेव, स्वतःचे पैसे, घरी द्यायचे पैसे, तिन्ही जवळजवळ पुसले जातात. पाच वर्षं. त्याच पाच वर्षांत साधारणपणे मूल होतं.

कापायचं तर पानं कापा. पानाला २५० धरले आणि ५०० ऐवजी २०० माणसं बोलावली तर ७५,००० वाचतात, आणि मागोमाग हॉल लहान लागतो, मंडप लहान लागतो. फुलांत न वाजंत्रीत काटकसर करून एवढे सुटत नाहीत.

सोन्याचंही तसंच. १ लाखाचं सोनं, घडणावळ १२ टक्के धरली तर १२,०००, त्यावर ३ टक्के जीएसटी ३,३६०. बिल १,१५,३६०. दुसऱ्या दिवशी विकायला गेलात तर घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत. अंगावर घालायला हौसेने घ्या, मंगळसूत्र घ्या, पण "सोनं म्हणजे बचत" म्हणून नक्षीदार हार घेऊ नका. दागिन्यावर एचयूआयडी (हॉलमार्कचा अक्षरं-अंक मिळून सहा खुणांचा क्रमांक) बघा आणि बीआयएस केअर अॅपवर दुकानात उभ्या उभ्याच तपासा.

हुतात्मा_एक्सप्रेस

"मुलगा पुण्याचाच हवा" या अटीवर दोन ओळी. पुण्यात ४५,००० आणि सोलापुरात २८,००० हे आकडे शेजारी ठेवले की पुणे जड वाटतं. पुण्याच्या आकड्यातून घरभाडं १५,०००, गावी यायचं-जायचं ३,०००, बाहेरचं खाणं ३,००० वजा करा. सोलापुरात स्वतःचं घर असेल तर भाडं शून्य. उरतात पुण्यात २४,०००, सोलापुरात २८,०००. मुलीलाही नोकरी करायची असेल तर मात्र पुण्याचं पारडं खरोखर जड होतं, कारण तिथे तिच्या शिक्षणाला काम मिळण्याची शक्यता जास्त. तेव्हा अट मुलाच्या पगाराची नसून तिच्या नोकरीची आहे, हे स्वच्छ सांगावं. ते सांगायला कमीपणा वाटू नये.

जामीनकत्ता

संकेतस्थळावरून स्थळं बघणाऱ्यांसाठी: प्रत्यक्ष भेट होण्याआधी पैसे मागितले, मग कारण विमानतळावर अडकलेलं पार्सल असो, आईचं ऑपरेशन असो की "आपल्या भविष्यासाठी" गुंतवणुकीचं अॅप, तिथेच थांबा. व्हिडिओ कॉलला टाळाटाळ, आणि आठवडाभरात लग्नाच्या आणाभाका, ही दोन लक्षणं बहुतेक वेळा बरोबर येतात. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवता येते. लाजेपायी दोन दिवस घालवले की हाती काही लागत नाही.

पूर्वभागकर

भाषेचं राहिलं. आपल्या गावात तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू घरं शेजारी शेजारी, त्यामुळे लग्नंही जुळतात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच मातीतले, १९१० चा जन्म. १९३८ ला चीनला गेले, तिथल्या परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी १९४१ ला लग्न, आणि १९४२ च्या डिसेंबरात गेलेसुद्धा. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकासमोरून जाताना मला दर वेळी वाटतं, या दोघांनी संसाराचं बोलणं कोणत्या भाषेत केलं असेल.

वेगळ्या भाषेच्या घरात लग्न होणार असेल तर हिशोबाचा कागद दोन्ही घरच्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत एकदा समजावून सांगा. "घरी ५,००० देणार" याचा अर्थ एका घरात "दर महिन्याला, कायम" असा होतो, दुसऱ्या घरात "धाकट्याचं शिक्षण होईपर्यंत". आंतरजातीय असेल आणि अटींत बसत असेल तर शासनाचं ५०,००० चं साहाय्य आहे, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करा. ते मिळेल तेव्हा मिळेल, कागदात धरू नका.

शेंगाचटणी

आणि सिद्धेश्वरांच्या यात्रेत अक्षता पडतात त्या संमती वाचन झाल्यावर. कुंभारकन्येचं योगदंडाशी लग्न, सातही नंदीध्वज संमती कट्ट्यापाशी उभे, लाखभर माणूस हातात अक्षता घेऊन थांबलेला, आणि आधी संमती. मला तुमच्या कागदात तीच दिसतेय आता. ज्याला सगळं सांगितलंय, त्याची संमती.

पाण्याचं मात्र अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

हिशोबवही

देतो. पाळी लावायची. एक दिवस त्याने उठायचं, पुढच्या वेळी तिने. रात्रपाळी असलेल्याची पाळी दुसऱ्याकडे, बदल्यात दळण आणि गॅसचं काम त्याच्याकडे. पन्नास फुटांचा पाइप आणि टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह एकदाच बसवून घेतला तर टाकी भरली की पाणी आपोआप थांबतं, उठलेल्याला मोटर बंद करण्यापुरतंच जागं राहावं लागतं. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चात ही ओळ घातलीय.